बकरीचे दूध वाया का जावे?

(राजापेठ, अमरावती येथे दिलेले भाषण)



आज आपण राजापेठेत जमलो आहोत. कोणी भातकुलीकडून आले, कोणी नांदगाव खंडेश्वरकडून. ज्यांच्या दारात बकरी आहे त्यांनी हात वर करा. मास्तरकीची सवय आहे, रागावू नका. पाहा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आता ज्यांनी बकरीचे दूध कधी विकले असेल, त्यांनीच हात वर ठेवा.

एकही हात नाही!

मागे बसलेल्या एक बाई म्हणतात, "गुरुजी, बकरीच्या दुधाले वास येते. कोन घेईन?" बाईंचे म्हणणे खोटे नाही. पण वास कशाने येतो? बोकड शेजारी बांधला, सड न धुता धार काढली, गंज नीट घासला नाही, दूध तासन् तास तसेच ठेवले, की वास येतो. बोकड दूर बांधा, भांडे स्वच्छ ठेवा आणि मग वास घेऊन पाहा.

गांधीजींनी गाय-म्हशीचे दूध न पिण्याचे व्रत घेतले होते. ते फार आजारी पडले, तेव्हा कस्तुरबांनी बकरीच्या दुधाची वाट दाखवली. १९१९ सालापासून ते बकरीचे दूध घेऊ लागले. आपल्या शेजारच्या वर्ध्यात, सेवाग्रामच्या आश्रमातही त्यांच्या जेवणात हेच दूध असे.

आपल्या वऱ्हाडच्या बकरीला सरकारदरबारी 'बेरारी' असे नाव आहे. उस्मानाबादी, संगमनेरी यांच्याप्रमाणे तिचीही वेगळी जात म्हणून नोंद झाली आहे. अंग तांबूस, पाठीवरून काळी रेघ. तुमच्या दारची बहुधा हीच. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, तुरीचे कुटार खाऊन ती जगते. दूध मात्र थोडे देते. पिल्लांचे पोट भरल्यावर अर्धा लिटर उरले तरी पुष्कळ. एकटीचे अर्धा लिटर घेऊन कोण बाजारात जाणार? पण दहा घरांचे एकत्र केले तर पाच लिटर होते. दूध एका दिवसात नासते. त्याचे पनीर केले, चीज केले, तर ते थोडे टिकते आणि नेणेही सोपे जाते. फ्रान्स देशात खेड्यापाड्यातून बकरीच्या दुधाचे चीज होते. लोक ते आवडीने विकत घेतात.

आता एक गोष्ट नीट ऐका. लहानपणापासून मी बकरीचे दूध धारोष्ण पीत आलो. ते ताकद देते असे आई म्हणे. निवृत्त झाल्यावर मी पाच बकऱ्या पाळल्या. त्यांतल्या एकीचा गाभ गेला. मी हातानेच सगळे साफ केले, आणि कच्चे दूध पिणेही चालूच ठेवले. पुढे दोन महिने रोज संध्याकाळी ताप चढे, घाम फुटे, कंबर धरे. दवाखान्यात आधी हिवतापाच्या गोळ्या दिल्या. शेवटी रक्त तपासले, तेव्हा जनावरापासून लागणारा ताप निघाला. त्याला ब्रुसेलोसिस म्हणतात.

हा ताप फार जुना आहे. माल्टा नावाचे एक बेट आहे. तेथे इंग्रजांचे शिपाई या तापाने हैराण होत. डेव्हिड ब्रूस या डॉक्टरने १८८७ साली त्याचा जंतू शोधला. पण जंतू येतो कोठून, ते कळेना. १९०५ साली झॅमिट नावाच्या तिथल्याच डॉक्टरने बकऱ्यांचे रक्त तपासले. बकऱ्या दिसायला धडधाकट होत्या, पण जंतू त्यांच्यातच होता! १९०६ साली शिपायांना ते दूध देणे बंद केले, आणि ताप झपाट्याने कमी झाला.

म्हणून दूध आधी तापवा. कच्च्या दुधाचे चीज करू नका. डेंग्यूची साथ आली की शहरातले लोक बकरीच्या कच्च्या दुधाला वाटेल तो भाव देतात. पण त्याने डेंग्यू बरा होतो याला पुरावा नाही. गाभ गेलेल्या बकरीला उघड्या हाताने शिवू नका. जनावरांच्या डॉक्टरला बोलवा.

पनीर करणे सोपे आहे. दूध उकळा. खाली उतरवा, जरा निवू द्या. लिंबाचा रस पाण्यात घालून हळूहळू सोडा. दूध फाटले की फडक्यात गाळा आणि वर वजन ठेवा. बकरीचे पनीर म्हशीच्या पनीरपेक्षा मऊ होते आणि पांढरेशुभ्र दिसते. दहा लिटर दुधाचे सव्वा किलोच्या आसपास होते.

मऊ चीज करायला उष्णतामापक लागतो. दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवायचे, मग कोमट करायचे. त्यात चमचाभर ताजे दही आणि रेनेटचे दोन-चार थेंब घालून रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी श्रीखंडाच्या चक्क्यासारखे फडक्यात टांगायचे, मग मीठ लावायचे. रेनेट पूर्वी पिल्लाच्या पोटातून काढत. माळकऱ्यांनी घाबरू नये, आता प्राण्यापासून न केलेले रेनेटही मिळते. विकत घेताना विचारून घ्या.

माझे पहिले चीज फुकट गेले. फडके साबणाने धुतले होते आणि साबण पुरता निघाला नव्हता. सगळ्या चीजला साबणाचा वास! घरात आठ दिवस मला टोमणे खावे लागले. आता मी फडके पाण्यात उकळून उन्हात वाळवतो. गाळून राहिलेले पाणी फेकू नका, त्यात भाकरीचे पीठ मळा.

विकायचे असेल तर अन्न-सुरक्षा खात्याची नोंदणी करावी लागते. अर्ज भरायला तुम्हाला आता कोणाकडे जायला नको, अक्षरे येतात. अडले तर मी आहे.

माझ्या मागे टेबलावर डबा आहे. काल केलेले पनीर आणि ज्वारीची भाकर आणली आहे. त्या वासवाल्या बाईंनी आधी यावे.