दप्तर एक, थैल्या अनेक



शोधपत्रकारितेचा विषय निघाला की आपल्याकडे एकट्याने झुंजणाऱ्या बातमीदाराचे कौतुक होते. ते योग्यच आहे, पण पुरेसे नाही. गेल्या वीस वर्षांत पूर्व युरोपातील छोट्या ना-नफा वृत्तसंस्थांनी एकमेकींच्या साथीने जे काम केले, त्यातून दोन धडे मिळतात. दप्तर, म्हणजे कागदपत्रे आणि माहिती, सर्वांचे एक असावे. पैसा मात्र एकाच थैलीतून येऊ नये. पहिला धडा या संस्थांनी इतरांना दिला, दुसरा त्यांना स्वतः ठेच लागून शिकावा लागला.

ड्रू सलिव्हन आणि पॉल राडू यांनी २००६ साली सारायेव्होत ‘ऑर्गनाइज्ड क्राइम अँड करप्शन रिपोर्टिंग प्रोजेक्ट’, म्हणजे ओसीसीआरपी, सुरू केला. त्यात देशोदेशीच्या शोधसंस्था जोडल्या गेल्या. एकत्र येण्याची गरज का पडली, हे २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘रशियन लाँड्रोमॅट’ प्रकरणातून नीट कळते. ब्रिटनमध्ये नोंदलेली एक कागदी कंपनी दुसऱ्या कागदी कंपनीला कर्ज दिल्याचे दाखवी. त्या कर्जाला रशियातील एक कंपनी हमी देई आणि तिच्या जोडीला मोल्डोव्हाचा एखादा नागरिक जामीन राही. हा नागरिक एवढ्यासाठीच की खटला मोल्डोव्हात चालवता यावा. ठरल्याप्रमाणे कर्ज बुडे, मोल्डोव्हातील न्यायाधीश वसुलीचा आदेश देई, रशियन कंपनी ‘नाइलाजाने’ पैसे भरी आणि ते लॅटव्हियातील बँकेत, म्हणजे युरोपीय संघाच्या हद्दीत, पोचत. अशा रीतीने २०.८ अब्ज डॉलर बाहेर गेल्याचा हिशेब पत्रकारांनी मांडला. आता विचार करा. मोल्डोव्हाच्या बातमीदाराला यात एक साधा वसुलीचा निवाडा दिसला असता, लंडनच्या बातमीदाराला नोंदणीचा कागद आणि लॅटव्हियातील रीगाच्या बातमीदाराला बँकेतील जमाखर्च. प्रत्येक कागद आपापल्या जागी कायदेशीर वाटणारा होता. गुन्हा दिसला तो कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर. पुढे मोल्डोव्हातील अनेक न्यायाधीशांना अटक झाली आणि लॅटव्हियातील त्या बँकेचा परवाना गेला.

सामायिक दप्तराचा दुसरा उपयोग अधिक गंभीर आहे. यान कुत्सियाक हा स्लोव्हाकियाचा सत्तावीस वर्षांचा पत्रकार. इटालियन माफियाशी संबंधित माणसांनी पूर्व स्लोव्हाकियात बसवलेले बस्तान आणि त्यांनी मिळवलेली युरोपीय शेती अनुदाने, यांचा शोध तो चेक आणि इटालियन सहकाऱ्यांसोबत आणि ओसीसीआरपीच्या साथीने घेत होता. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याची आणि त्याची वाग्दत्त वधू मार्टिना कुशनीरोवा हिची राहत्या घरी हत्या झाली. त्याची अपुरी बातमी आठवड्याच्या आत अनेक देशांत एकाच वेळी छापून आली, कारण टिपणे आणि कागद सहकाऱ्यांकडेही होते. लोक रस्त्यावर उतरले आणि १५ मार्च रोजी पंतप्रधान रॉबर्ट फिको यांनी राजीनामा दिला. बातमीदाराला संपवून बातमी संपत नाही, हे मारेकऱ्यांना कळणे हे पत्रकाराचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. ते एकट्या संपादकाला देता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो. सगळे एकत्र आले तर स्पर्धा मरेल, सगळीकडे एकच सूर लागेल आणि एकाची चूक सर्वांच्या अंकात छापली जाईल. यातला शेवटचा भाग मला पटतो. म्हणून दप्तर एक ठेवावे, पण वाचन वेगवेगळे हवे. कुत्सियाक हत्येच्या तपासातील सुमारे ७० टेराबाइट माहिती ब्रातिस्लाव्हातील एका सुरक्षित खोलीत ठेवली गेली. एरवी एकमेकांशी चढाओढ करणारे पत्रकार तिथे येऊन ती चाळत आणि बातमी आपापल्या जागी, आपापल्या संपादकाच्या जबाबदारीवर लिहीत. कागद समान असले की चढाओढ कागद लपवण्याची राहत नाही, ते नीट वाचण्याची होते. आणि एकाची चूक पकडायला दुसरा तिथेच हजर असतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो टाळून चालणार नाही. ओसीसीआरपीला अमेरिकी सरकारकडून मोठा निधी मिळत होता, आणि वरिष्ठ नेमणुकांना हरकत घेण्याचा अधिकार त्या सरकारला होता, असे २०२४ च्या डिसेंबरमध्ये ‘मीडियापार’ या फ्रेंच वृत्तसंस्थेने आणि इतर माध्यमांनी पुढे आणले. संपादनात हस्तक्षेप कधीच झाला नाही, असे संस्थेचे म्हणणे आहे, आणि तिने अमेरिकेशी संबंधित बातम्याही दिल्या आहेत. तरीही हेतू शुद्ध असल्याने व्यवस्थेतला दोष झाकला जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने परकीय मदत गोठवली, तेव्हा संस्थेला सुमारे एक पंचमांश माणसे कमी करावी लागली आणि त्याच निधीवर चालणाऱ्या कित्येक छोट्या संस्था एकदम अडचणीत आल्या. दाता दडपण आणो वा न आणो, तो एकटा असला की त्याच्या एका सहीने सारा प्रदेश मुका होऊ शकतो. हंगेरीतील ‘आत्लात्सो’ ही शोधसंस्था वाचकांच्या छोट्या देणग्यांवर आणि करदात्याला आपल्या प्राप्तिकरातील एक टक्का पसंतीच्या संस्थेला देता येतो त्या तरतुदीवर भर देते. २०२४ मध्ये सरकारच्या ‘सार्वभौमत्व संरक्षण कार्यालया’ने तिची चौकशी सुरू केली, म्हणजे हा मार्गही निर्धोक नाही. पण हजारो थैल्या एका दिवसात बंद करता येत नाहीत.

आपल्याकडे परकीय योगदान नियमन कायदा वृत्तपत्रांना परदेशी पैसा घेऊच देत नाही. देशातल्या पैशावर उभ्या राहिलेल्या ‘रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ या पत्रकार-गटाचा ना-नफा दर्जा जानेवारी २०२५ मध्ये प्राप्तिकर विभागाने रद्द केला. म्हणून मोठ्या निधीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांच्या याद्या खुल्या झाल्या, तेव्हा ‘न्यूजलॉन्ड्री’, ‘स्क्रोल’ आणि ‘द न्यूज मिनिट’ यांनी स्वतंत्र पत्रकारांना सोबत घेऊन त्या एकत्र तपासल्या. मराठी पत्रकारांच्या हातात असाच विषय आहे. बीडचा मुकादम ऊसतोड मजुराला उचल देतो आणि त्याचा कोयता बेळगावच्या कारखान्यावर चालतो. उचलीचा हिशेब इथे, तोडणीच्या पावत्या तिथे. बीडचा बातमीदार आणि बेळगावचा कन्नड बातमीदार यांनी एका हंगामाचे कागद जुळवले, तर उचल कशी फिटते आणि का फिटत नाही, हे पुराव्यानिशी सांगता येईल.

त्यासाठी पत्रकारांच्या या संमेलनाने तीन गोष्टी ठरवाव्यात. माहिती अधिकारात मिळालेले कागद ठेवण्यासाठी एक सामायिक दप्तर सुरू करावे. सीमाभागातील कन्नड, तेलुगू, गुजराती आणि कोकणी पत्रकारांना त्यात बरोबरीचे स्थान द्यावे. खर्च वाचकांच्या वर्गणीतून भागवावा आणि कोणाही एका देणगीदाराकडून एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त रक्कम घेऊ नये. ठराव संध्याकाळच्या सत्रात मांडला जाईल. त्यातला दहाव्या हिश्शाचा नियम ढिला करण्याची सूचना येईलच, कारण पहिली दोन-तीन वर्षे पैसा कमी पडणार आहे. ती सूचना फेटाळावी, एवढे माझे आपणांस आग्रहाचे सांगणे आहे.