वाफेचें धुराडें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांना हंसूं येईल. ज्यानें सारा जन्म प्राथमिक शाळेंत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यांत घालविला, त्यानें सेवानिवृत्तीनंतर कपडे वाळविण्याच्या यंत्राच्या नळीवर बोलावें, हें थोडें विचित्रच. मी शिकलों मॅट्रिकपर्यंत. विजेच्या यंत्रांचें शास्त्र मला कोणीं शिकविलेलें नाहीं. परंतु दोन वर्षांपूर्वींच्या आषाढांत त्या नळीपायीं आमचें घर एका संकटांतून थोडक्यांत वांचलें. अशीं यंत्रें आतां साताऱ्या-सांगलीच्या कांहीं घरांत येऊं लागलीं आहेत, आणि त्यांच्या पाठीमागची नळी मात्र कोणाच्याच लक्षांत नसते. म्हणून हा प्रपंच.

साताऱ्याचा पावसाळा ज्यांनीं काढला आहे त्यांना ओल्या कपड्यांचें दुःख सांगावयास नको. पश्चिमेस कासचें पठार आणि रस्त्यानें सुमारें पंचावन्न किलोमीटरांवर महाबळेश्वर, जेथें वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तो सगळा आमच्या वांट्यास येत नाहीं हें खरें. पण त्याचे ढग येतात, झड येते, आणि अजिंक्यतारा चार-चार दिवस दृष्टीस पडत नाहीं. दांडीवर काठीनें सारखें केलेलें लुगडें तिसऱ्या दिवशींहि दमटच असावयाचें. माझ्या लहानपणीं घरांत तान्हें मूल असलें म्हणजे आई शेगडींत निखारे घालून तीवर बांबूची टोपली पालथी घाली आणि लंगोट पसरी. त्यांतून निघणारी वाफ कोठें जाते, हा प्रश्न तेव्हां मला पडला नाहीं. आज कळतें कीं स्वयंपाकघराच्या छपराला साणें होतें, चुलीवर धुराडें होतें, आणि धुराबरोबर ती वाफहि मुकाट्यानें वर निघून जात होती.

आईची ही टोपली कांहीं एकट्या आमचीच नव्हे. अमेरिकेंत जॉर्ज सॅम्प्सन नांवाच्या कृष्णवर्णीय गृहस्थानें १८९२ सालीं कपडे वाळविण्याच्या साधनाचें पेटंट घेतलें. त्यांतहि चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळविण्याचीच योजना होती. पुढें १९३८ च्या सुमारास तेथें फिरत्या पिंपाचें विजेवर चालणारें यंत्र विक्रीस आलें, तेव्हां त्याचें नांव ‘जून डे’, म्हणजे जूनमधील दिवस, असें ठेवण्यांत आलें. तिकडे जून म्हणजे लख्ख उन्हाचा महिना! आमच्याकडे त्याच महिन्यांत मृग निघतो आणि दोऱ्या घरांत बांधाव्या लागतात. नांव ठेवणाऱ्यानें सातारा पाहिला असता तर त्यानें दुसरें नांव शोधलें असतें.

तें असो. या यंत्राचें काम समजून घेणें कठीण नाहीं. आंतील पंखा खोलींतील हवा ओढून घेतो, ती तापवितो आणि पिंपांत गरगर फिरणाऱ्या कपड्यांमधून खेळवितो. हवा ओलावा घेते, एका जाळींतून गाळली जाते आणि पाठीमागच्या नळीवाटे बाहेर पडते. आतां गणित पाहूं. पांच किलो कपडे धुण्याच्या यंत्रांत चांगले पिळून निघाले तरी त्यांत अडीच ते तीन लिटर पाणी उरतेंच. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास विजेचा सुमारें दोन-तृतीयांश युनिट खर्च होतो, म्हणजे तीन लिटरांस दोन युनिट, आणि यंत्राची स्वतःची उधळपट्टी निराळी. हें तीन लिटर पाणी नाहींसें होत नाहीं. तें वाफ होऊन त्या नळींतून जातें. नळी तुंबली तर तें घरांत येतें, आणि त्याबरोबर उष्णता यंत्रांतच कोंडली जाते.

शिवाय वाफेबरोबर जाते ती कापडाची लव. प्रत्येक धुण्यांत कापड थोडें थोडें झिजतें. त्याचे केसासारखे तंतू सुटतात. पुष्कळसे जाळींत अडकतात, पण कांहीं निसटतात आणि ओलसर नळीच्या आंतल्या अंगाला चिकटून बसतात. कोरडी झालेली ही लव म्हणजे पिंजलेला कापूसच. ठिणगी पडली तर काय होईल, हें सांगली जिल्ह्यांतील विट्यासारख्या मागांच्या गांवीं कोणासहि विचारावें.

आमच्याकडे यंत्र आणलें चिरंजीवांनीं. सौभाग्यवतींना दम्याचा विकार. पावसाळ्यांत ओले कपडे खोलींत टांगले कीं त्यांची छाती भरून यावयाची. म्हणून हेतु उत्तम होता. यंत्र स्वयंपाकघरामागच्या खोलींत बसलें. बसविणाऱ्या कारागिरानें चंदेरी कागदासारखी, चुण्याचुण्यांची, लांबविली तर लांबणारी नळी जोडली आणि कपाटामागून दोन वळसे देऊन भिंतींतील भोंकांतून बाहेर काढली. येथवरचा दोष त्याचा. पुढचा माझा. पाली आणि चिमण्या आंत शिरतील म्हणून मीं बाहेरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्यानें घट्ट बांधला, आणि फार शहाणपणाचें काम केलें असें समजून हात झाडले.

पहिल्या वर्षीं कपडे पन्नास मिनिटांत वाळत. दुसऱ्या वर्षीं सव्वा तास लागूं लागला, मग पावणेदोन. आम्ही म्हणालों, यंदा हवाच दमट आहे. यंत्राचा माथा हाताला चटका देई. आम्ही म्हणालों, तापवावयाचें यंत्र, तें तापणारच. भिंतीला गिलाव्यावर काळे ठिपके धरले, त्याचा दोष छपराला दिला. सौभाग्यवतींचा खोकला वाढला, त्याचा आषाढाला. चार खुणा चार ठिकाणीं दिसत होत्या आणि चौघांना चार कारणें दिलीं. वर्गांत एखाद्या मुलानें असें उत्तर लिहिलें असतें तर मीं त्याला बांकावर उभें केलें असतें.

एका रात्रीं दहाच्या सुमारास सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, कांहीं करपतंय का?” मीं दूध पाहिलें, देवघर पाहिलें. मग मागच्या खोलींत गेलों. यंत्र आपणहून बंद पडलें होतें. त्यांत अति उष्णता झाल्यास वीज तोडणारी कळ असते, तिनें आपलें काम केलें होतें. शेजारच्या खोलींत नातू झोंपला होता. चिरंजीवांनीं प्लग काढला, यंत्र ओढलें आणि नळी सोडविली. तींतून निघालेली करड्या रंगाची लव घमेलेंभर भरली. खालच्या वळशांत पाणी सांचून तिचा लगदा झाला होता. मच्छरदाणीवर तर वाटोळी गादीच तयार झाली होती. आणि यंत्राच्या पाठीशीं सांपडलेली लव तपकिरी पडलेली होती. ती हातांत घेऊन चिरंजीव बराच वेळ बोलले नाहींत.

अमेरिकेच्या अग्निशमन खात्यानें २०१२ सालीं एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत २००८ ते २०१० या काळांत निवासी इमारतींतून अशा यंत्रांच्या वर्षाला सुमारें २,९०० आगी लागल्याचा अंदाज दिला असून, त्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश आगींचें कारण ‘साफसफाई न करणें’ हें नोंदविलें आहे. यंत्र बिघडलें म्हणून नव्हे. कोणीं पाठीमागें पाहिलें नाहीं म्हणून.

मग नवी नळी बसविण्याचें काम आम्हीं स्वतः उभे राहून करून घेतलें. यंत्राच्या तोंडाचें माप घेतलें, तें भरलें चार इंच. शहरांतल्या एका पत्र्याच्या कारागिराकडून जस्ताच्या पत्र्याचें गुळगुळीत नळकांडें करविलें. चुण्यांच्या नळींत प्रत्येक चुणी लवेला बसावयास पाट देते; प्लॅस्टिकची नळी तर वापरूंच नये, ती आंचेनें वितळते आणि पेटते. नळकांड्याचे तुकडे पन्हळीसारखे एकांत एक बसवावे, ते असे कीं यंत्राकडील तुकड्याचें टोंक पुढच्या तुकड्याच्या आंत शिरेल. उलट बसविलें तर सांध्याच्या कडेला लव अडते. कारागीर स्क्रू मारूं लागला, तेव्हां त्यास थांबविलें. आंत निघालेलें स्क्रूचें टोंक म्हणजे लव धरण्याचा गळच. सांध्यांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावली. कापडी पट्टी उष्णतेनें सुटते. नळकांड्याला बाहेरच्या बाजूस किंचित् उतार दिला, म्हणजे वाफेचें पाणी झालेंच तर तें यंत्राकडे परत येणार नाहीं.

लांबी जितकी थोडी तितकी बरी. अमेरिकेंतील घरबांधणीच्या नियमांत ही लांबी सर्वसाधारणपणें ३५ फुटांपर्यंत चालते, मात्र प्रत्येक काटकोनी वळणाबद्दल ५ फूट वजा करावयाचे. वळणाला दंड करणारी ही वजाबाकी मला फार आवडली. आपलीं यंत्रें लहान असतात, त्यांना इतका आवांका नसतो. सोबतच्या पुस्तिकेंत लिहिलेली मर्यादाच पाळावी. आम्हीं कपाट हलविलें आणि वळण एकच ठेवलें. बाहेरच्या तोंडाला जाळी न लावतां पत्र्याची हलकी झडप बसविली. हवा आली कीं ती उघडते, थांबली कीं मिटते. चिमणीलाहि वाट नाहीं. शेवटीं यंत्र मागें सारतांना नळकांडें चेपलें नाहीं ना, हें विजेरीनें पाहिलें. मग कपडे घालून यंत्र चालू केलें आणि मी पावसांत छत्री धरून बाहेर झडपेपाशीं उभा राहिलों. गरम वारा हाताला लागला तेव्हां जें समाधान वाटलें, तें मुलें स्कॉलरशिपच्या यादींत आल्यावर वाटे तसें होतें.

निगा फार नाहीं. जाळी दर वेळीं कपडे काढतांच साफ करावी. आठवड्यानें नव्हे, दर वेळीं. कपडे मऊ करणारें औषध वापरीत असल्यास जाळीवर न दिसणारा चिकट थर बसतो. नळाखालीं धरून पाहावी. पाणी वर थांबलें तर साबणानें घांसून, पूर्ण वाळवून मगच बसवावी. नळकांडें वर्षांतून दोनदां उतरवावें. आमच्याकडे एकदां मृगापूर्वीं आणि एकदां खंडेनवमीस उतरवितों. हत्यारें-अवजारें पुसण्याचा तो दिवस आहेच, त्यांत आणखी एक. लांब दांड्याचा मऊ ब्रश पुरतो. काम करण्यापूर्वीं प्लग काढलेला असावा, हें काय सांगावयाचें! आणि यंत्र चालू ठेवून कोणीं झोंपूं नये, बाहेर जाऊं नये.

सांगलीच्या मुलीची अडचण निराळी. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलाजवळ धोक्याच्या ४५ फुटांच्या खुणेवरून ५७ फुटांवर गेलें, तेव्हां तिचा तळमजला सोडावा लागला. पुढें ती चौथ्या मजल्यावर राहावयास गेली आणि तेथें तिनेंहि यंत्र घेतलें. भिंतीस भोंक पाडण्यास सोसायटीची परवानगी नाहीं. म्हणून नळी कांचेनें बंद केलेल्या गॅलरींत सोडून दिली. परिणाम असा कीं दोन महिन्यांत गॅलरीच्या छतावर बुरशी. मीं तिला सांगितलें, “बाळ, हें म्हणजे चुलीचा धूर माजघरांत सोडल्यासारखें आहे.” तिनें तें यंत्र विकून वाफेचें आंतच पाणी करून टाकींत सांठविणारें यंत्र घेतलें. ज्यांना बाहेर वाट काढतां येत नाहीं त्यांनीं हेंच घ्यावें. किंमत अधिक पडते, आणि जाळी मात्र त्यालाहि असते.

तिच्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर आहे, तेव्हां तीहि गोष्ट सांगतों. वाफ बाहेर फेंकणारें यंत्र घरांतली पुष्कळ हवा बाहेर काढतें. दारें-खिडक्या सर्व बंद असल्या तर ती भरून काढण्यासाठीं हवा मिळेल तेथून ओढली जाते, आणि गीझरचा विषारी वायु माघारी घरांत येऊं शकतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. म्हणून यंत्र चालूं असतां एक खिडकी उघडी असावीच. गीझर तर कधींहि बंद न्हाणीघरांत लावूं नये.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे तेलकट पंचे या यंत्रांत घालूं नयेत, धुतलेले असले तरीहि. तेल धुण्यानें पुरतें निघत नाहीं. तापलेल्या कपड्यांचा गठ्ठा तसाच राहिला तर उरलेलें तेल आपणहून तापत जाऊन पेट घेऊं शकतें. ते पंचे दोरीवरच वाळवावे. त्या वेळीं पाऊसहि गेलेला असतो.

या वर्षीं मृगापूर्वीं मीं आणि नातवानें मिळून नळकांडें उतरविलें. सौभाग्यवती दारांत खुर्ची टाकून देखरेखीस बसल्या होत्या. या पावसाळ्यांत त्यांना अजून वैद्यांकडे जावें लागलेलें नाहीं. ओंजळभर लव निघाली. बरीचशी निळसर होती. नातवानें ती निरखून पाहिली आणि म्हणाला, “आजोबा, ही माझ्या शाळेच्या सदऱ्याची आहे.” आणि खरोखरच, सदऱ्याची कॉलर पाहिली तर ती विरत चालली होती.