अंगठ्यापलीकडचा गाऊट

उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधारहून आलेले डॉक्टर मंडळी आणि आशाताईंनो, बालाघाटाच्या कुशीतल्या जळकोटमध्ये स्वागत समिती आपले मनापासून स्वागत करते.

आजचा विषय गाऊट, तोही चेहऱ्यावरचा. रात्रीतून पायाचा अंगठा सुजला, चादरीचा स्पर्शही सोसेना, की हा आजार चटकन ओळखू येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्ताला, म्हणजे गाऊटशी जुळणाऱ्या आजाराला, स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातही भर हातापायांवरच आहे. कानाकडे, नाकाकडे नजर जातच नाही.

रक्तातले युरिक ॲसिड डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेले की ते पुरते विरघळून राहत नाही. त्याचे स्फटिक शरीराच्या थंड भागात सहज साचतात. म्हणून अंगठा, आणि म्हणूनच कानाची कडही. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढ्या पांढरट गाठी येतात आणि बहुधा दुखत नाहीत, त्यामुळे दाखवायलाही कोणी येत नाही. पापणीवर किंवा नाकाच्या दांड्यावर गाठ येणे फार विरळ. आली तर ती ट्यूमर वाटते. जबड्याच्या सांध्यात स्फटिक साचले तर कानापुढे ठणकते आणि रुग्ण दाढेचे उपचार घेत बसतो.

आपल्या भागात कानावर गाठ दिसली की पहिली धास्ती कुष्ठरोगाची. त्या भीतीपायी माणसे घराबाहेर पडेनाशी होतात, म्हणून गाऊट आणि कुष्ठरोगातला फरक प्रत्येकाला माहीत हवा. कुष्ठरोगात बहुधा कानाची पाळी जाड होते, गाऊटची गाठ बहुधा वरच्या कडेला असते. तरी नुसत्या नजरेवर विसंबू नये. त्वचेची संवेदना तपासावीच.

गाऊटची खात्री सुईने काढलेल्या नमुन्यातून होते. 1961 साली मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून दाखवले. गाठीचा तुकडा काढलाच, तर तो फॉर्मलिनमध्ये टाकू नये, स्फटिक विरघळतात. अल्कोहोलमध्ये पाठवावा. एवढ्याशा चुकीने निदान हातचे जाते!

खेड्यात असे रुग्ण शोधता येत नाहीत, असे कोणी म्हणू नये. 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये सांधेदुखीसाठी 4,092 प्रौढांची पाहणी केली. जळकोट तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवरही अशी पाहणी व्हावी, ही समितीची तळमळ आहे.

शेजारच्या दालनात स्लाइड मांडल्या आहेत. चहानंतर सर्वांनी त्या पाहाव्यात, आशाताईंनी आधी.