भाड्याच्या घरातील बाग



'घर भाड्याचे, करार अकरा महिन्यांचा. तेथे बाग कसली करता?' असे शहरात सर्रास विचारले जाते. माझे म्हणणे असे की, ज्याला बिऱ्हाड हलवावे लागते त्याच्यासाठीच तर कुंडी आहे. अंगणात लावलेले झाड मागे राहते. कुंडीतले झाड सामानाबरोबर टेंपोत चढते.

पहिला विचार उन्हाचा. झाडे विकत आणण्यापूर्वी आपल्या गॅलरीत ऊन किती तास येते ते पाहावे. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो; हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत ऊन खोलवर येते, आणि उत्तरेच्या गॅलरीत ते येतच नाही. पाच-सहा तास ऊन मिळाले तर मोगरा आणि तुळस खुशाल लावावीत. अर्धवट उन्हात पुदिना आणि पानओवा चालतात. उजेड असून ऊन नसेल तेथे नेचे व मनीप्लँट यांवर समाधान मानावे.

दुसरा विचार वजनाचा. एक घनफूट ओली माती सुमारे 45 ते 50 किलो भरते. जुन्या इमारतीच्या पुढे आलेल्या गॅलरीवर असा भार रचणे धोक्याचे. मातीत कुजलेला पालापाचोळा व नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळला म्हणजे कुंडी हलकी होते, आणि ओलही टिकते. कठड्यावर मोकळी कुंडी कदापि ठेवू नये. खाली रस्त्याने माणसे जातात.

तिसरा विचार पाण्याचा. कुंडीतली झाडे तहानेने मरतात, तशीच अतिप्रेमानेही मरतात. बोट मातीत खुपसून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी घालावे. कुंडीच्या बुडाला भोक हवेच. तळातली बशी मात्र आठवड्यातून एकदा ओतून, घासून ठेवावी. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो, आणि त्याची अंडी कोरड्या बशीच्या कडेलाही कित्येक महिने तग धरतात.

आता शांततेविषयी. पंधरा जातींची पंधरा रोपे मांडली की गॅलरीची मंडई होते. तीन फूट रुंद जागेत एकाच जातीच्या चार-पाच कुंड्या आणि त्यांच्याशेजारी एक रिकामा पाट, एवढे पुरे. तो पाट महत्त्वाचा. बसायला जागा उरली नाही, तर बाग आपल्यासाठी राहत नाही. आपणच तिचे हमाल होतो.

बिऱ्हाड हलते तेव्हा शेजार तुटतो, हे भाडेकरूचे खरे दुःख. त्यावर कुंडीपाशी एक लहानसा उपाय आहे. मनीप्लँटची वा पानओव्याची एक फांदी तोडून शेजारच्या दारात द्यावी. ती सहज मुळे धरते. आपण पुढच्या घरी गेलो, तरी मागच्या जिन्यावर आपले काहीतरी वाढत राहते. त्यासाठी घर मालकीचे असावे लागत नाही.