डब्यातले खेळाडू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. या व्यासपीठावरून आजवर बालसंगोपन, काटकसर, आरोग्य अशा विषयांवर शिकलेल्या बायका बोलून गेल्या. त्यांच्यापुढे मी काय सांगणार? तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या डब्याविषयी बोला की." म्हणून मी डबा घेऊनच आले आहे. हा पाहा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, कडांना गंज चढला आहे, झाकण जरा दाबून बसवावे लागते. यात १६३ चित्रे आहेत. पत्त्यांएवढी, जाड कागदाची, आणि बहुतेक क्रिकेटच्या खेळाडूंची. हसू नका. म्हणजे हसा, पण नंतर ऐका.

माझे माहेर बार्शीचे. वडील अडतीच्या दुकानात मापाडी होते. मी तिसरी-चौथीत असताना, म्हणजे १९९० च्या सुमारास, पोरांना एक वेड लागले होते. 'बिग फन' नावाचा चघळायचा गम मिळे. त्याच्याबरोबर खेळाडूचे चित्र निघे, आणि चित्रावर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक धावा जमल्या की दुकानदार एक चिमुकली पुस्तिका देई. तिची पाने अंगठ्याने भरभर सोडली की आतला फलंदाज खरोखर बॅट फिरवताना दिसे. त्याशिवाय ट्रम्प कार्डाचे जोड विकत मिळत. दोघांनी पत्ते वाटून घ्यायचे, एकाने 'धावा' किंवा 'बळी' किंवा 'झेल' म्हणायचे, ज्याचा आकडा मोठा त्याने दुसऱ्याचे पत्ते घ्यायचे. कुस्तीवाल्यांचेही पत्ते असत. त्यात उंची, वजन, दंडाचा घेर असे सगळे लिहिलेले असे. आमच्या गल्लीत दंडाच्या घेरावरून भांडणे होत, यावर आता माझ्या मुलीचा विश्वास बसत नाही.

गल्लीत क्रिकेट खेळायचे ते मुलग्यांनी. मुलींनी भिंतीशी बसून धावा मोजायच्या. मी मोजत असे, आणि त्यात माझी चूक कधी झाली नाही. त्यामुळे खेळ संपल्यावर गमची चित्रे मला मिळत. कोणी दुमडलेले देई, कोणी दोन असल्यास एक देई. माझा दादा गम खाई आणि चित्र माझ्या हातावर ठेवी. त्याला गमशी मतलब, मला चित्राशी. चित्राला गमचा गोड वास येई. डबा उघडला की तो वास अजून येतो, असे मला वाटते. घरचे म्हणतात, गंजाचा येतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. शाळेत भागाकार शिकवला होता, पण तो मला या चित्रांनी समजावला. सुनील गावसकरांचे आकडे दादाने वर्तमानपत्रातून उतरवून आणले होते. कसोटी सामने १२५, डाव २१४, धावा १०,१२२. मी १०,१२२ ला २१४ ने भागले. दादा म्हणाला, "चुकलीस. सोळा वेळा ते नाबाद राहिले. जो बाद झालाच नाही तो डाव भागाकारात धरायचा नाही." मग २१४ तून १६ वजा केले, १९८ राहिले, आणि उत्तर आले ५१.१२. पाटीवर ते उत्तर आले तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. त्या उन्हाळ्यात मी डब्यातल्या ज्यांचे ज्यांचे आकडे मिळाले त्या सगळ्यांची सरासरी काढली आणि चित्रांच्या मागे पेन्सिलीने लिहिली.

१९९३ साली मी सातवी पास झाले. गणितात मला दादापेक्षा जास्त गुण होते. पण त्याच वर्षी आईचे पोटाचे ऑपरेशन झाले, धाकटी दोन भावंडे होती, आणि कोणीतरी घरी राहणे भाग होते. कोणी, हे कोणाला विचारावेही लागले नाही. शाळा सुटल्यावर महिन्याभरात घराची झाडलोट निघाली, आणि आईने बंब पेटवायला चित्रांची एक चळत घेतली. पाऊणशे तरी चित्रे असतील. मी पाण्याला आले तेव्हा राख झाली होती. आईला मी दोष देत नाही. तिच्या दृष्टीने तो पोरांचा कचरा होता, आणि जळण महाग होते. पण त्या दिवशी मी रडले ते शाळेसाठी की चित्रांसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही.

उरलेली चित्रे त्या दिवसापासून या डब्यात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडेही भांडी वाजली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. तुमच्यापैकी थोरल्यांना ती पहाट आठवत असेल. पुढे कित्येक दिवस आम्ही उघड्यावर निजलो. आईने घरातून दागिन्यांचे गाठोडे आणले, मी हा डबा. वडील काही बोलले नाहीत, फक्त उशाशी ठेव म्हणाले. लोकांची घरेच्या घरे गेली होती, आणि मी चित्रे सांभाळत होते. याची लाज तेव्हाही वाटली.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कपिलदेवांनी अहमदाबादेत ४३२ वा बळी घेतला आणि रिचर्ड हॅडलीचा विक्रम मोडला. रेडिओवर ऐकले आणि मी डबा उघडून कपिलदेवांच्या चित्रावरचा जुना आकडा खोडला. ते पुढे ४३४ वर थांबले, तेव्हा पुन्हा खोडला. छापलेले चित्र एका जागी राहते आणि माणूस पुढे जातो, म्हणून मी असे आकडे दुरुस्त करीत असे. पदवीधर झाल्यासारखे वाटे.

१९९८ साली लग्न होऊन मी येडशीला आले. तेव्हा बार्शीहून आपली ती अडीच फुटी रुळांची लहान गाडी होती. पांगरीच्या पुढे ती दमत दमत चाले. लुगड्यांच्या ट्रंकेत तळाशी डबा होता. चौथ्या दिवशी सासूबाईंनी ट्रंक लावताना तो पाहिला. मी जीव मुठीत धरला. त्यांनी झाकण उघडले, दोन चित्रे उलटसुलट पाहिली आणि विचारले, "हे कोण गं सूनबाई? तुमचे पाहुणे का?" मी खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं, कोठीच्या मागं ठेव. उंदराला सापडू देऊ नको." एवढेच. त्या आज नाहीत, पण या डब्यावर त्यांचा माझ्याइतकाच हक्क आहे.

मैत्रिणींनो, आपल्या बचत गटाचा हिशेब माझ्याकडे कसा आला, हे जुन्यांना ठाऊक आहे. एका बहिणीने घेतलेल्या कर्जाचे निम्मे मुद्दल फेडले होते, तरी वहीत व्याज सगळ्या रकमेवर लागत होते. ती बिचारी दर महिन्याला निमूट भरत होती. वही माझ्या हातात आली तेव्हा मला एकदम गावसकरांचे सोळा नाबाद डाव आठवले. जे फेडले ते मोजणीत धरायचे नाही. शेकडा दोन दराने मी पुन्हा मांडून दाखवले आणि तिचे पैसे परत निघाले. त्या दिवशी सगळ्यांनी विचारले, "सातवी शिकून हे कुठे शिकलात?" मी काही सांगितले नाही. आज सांगते आहे.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. भाऊबिजेला दादा आणि माझा भाचा आले होते. भाचा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. डबा पाहून तो उडालाच. म्हणाला, "आत्या, जगात याचा केवढा बाजार आहे, ठाऊक आहे का?" मग मोबाईलवर एकेक दाखवू लागला. अमेरिकेत गेल्या शतकाच्याही आधी सिगारेटच्या पाकिटात चित्रे घालत. पाकीट दबून सिगारेट मोडू नये म्हणून जाड कागद हवाच होता, त्यावर खेळाडू छापला. पुढे गमवाल्यांनी ते उचलले. केवळ बास्केटबॉलच्या खेळाडूंचा मोठा संच बोमन कंपनीने १९४८ साली काढला, ७२ चित्रांचा. १९८६ साली फ्लीअर कंपनीने संच काढला, त्यात मायकेल जॉर्डनचे चित्र होते. पाकिटात बारा पत्ते, एक स्टिकर आणि गमची वडी. त्या जॉर्डनची निर्दोष ठरलेली एक प्रत २०२१ साली ७,३८,००० डॉलरला विकली गेली, म्हणजे आपले पाच कोटींहून अधिक. आमच्या घरात चहा निवत होता आणि सगळे गप्प बसले होते.

त्याहून मला दुसरीच हकिगत आवडली. टॉप्स कंपनीने १९५२ साली बेसबॉलचा संच काढला, आणि न खपलेली खोकी गोदामात पडून राहिली. कंपनीचे साय बर्जर सांगत की १९६० साली त्यांनी ती बोटीत भरून समुद्रात टाकली. त्याच संचातले मिकी मँटलचे एक चित्र २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. ऐकून मला आईची आठवण झाली. तिने तर नुसते पाणी तापवले.

भाच्याने माझी चित्रे एकेक करून उजेडात धरली. तिकडे म्हणे तज्ज्ञ लोक चारही कोपरे, कडा, वरचा पृष्ठभाग तपासतात आणि एकपासून दहापर्यंत गुण देतात. मग त्याने कपिलदेव उलटा केला आणि कपाळाला हात लावला. "आत्या, तू यावर लिहिलंस! किंमतच गेली गं. सगळ्यांवर लिहिलंस का?" मी म्हटले, हो, सगळ्यांवर. दादा तेवढ्यात हसला आणि म्हणाला, "अरे, तिला शाळेच्या वह्या कुठं मिळाल्या होत्या?" मग तोही गप्प झाला. तीस वर्षांत या विषयावर तो एवढेच बोलला, पण मला ते पुरले.

आणि खरा प्रश्न माझ्या मुलीने विचारला. ती खो-खो खेळते. आपल्या जिल्ह्यात खो-खो म्हणजे काय आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. सगळी चित्रे तिने जमिनीवर मांडली आणि म्हणाली, "आई, यात एक तरी बाई आहे का?"

मी १६३ चित्रे पाहिली. एकही नव्हती. इतकी वर्षे मी ती पाहत होते आणि हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी भिंतीशी बसून धावा मोजत होते, त्याच वर्षांत मुंबईच्या डायना एडुलजी भारताकडून खेळत होत्या. २० कसोटी सामन्यांत त्यांचे ६३ बळी आहेत. आमच्या गल्लीत त्यांचे नावही कोणी घेतले नाही. गममधून त्या निघाल्या असत्या तर मी कदाचित भिंतीपासून उठले असते. कदाचित नसतेही उठले, माझे वडील मला ठाऊक आहेत.

मागे आपली सहल तेरला गेली होती, आठवते ना? तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणारी जुनी नाणी, मणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या जमवल्या, आणि आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय उभे आहे. त्या काचेआडच्या बाहुल्या पाहताना मला वाटले होते, कोण्या एके काळी एखाद्या आईने याही उकिरड्यावर टाकल्या असतील. लामतुरे कोणी गोळा करून देईल म्हणून थांबले नाहीत. मीही ठरवले की थांबायचे नाही.

जुन्या लग्नपत्रिका कापल्या, कणकेची खळ केली आणि वर्तमानपत्रातली चित्रे चिकटवली. पहिले चित्र धाराशिवच्या सारिका काळे यांचे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी खो-खोचे सुवर्णपदक मिळवले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मागे काय लिहावे, याचा पेच पडला. खो-खोत धावा नसतात. मुलीने सांगितले, "किती मिनिटं पळाली आणि किती गडी बाद केले, ते लिहितात." ते आकडे मिळवणे चालू आहे, तोवर मागची बाजू कोरी आहे.

मग २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा माझी खळ पुरेना. हरमनप्रीत कौर झाली, सांगलीत वाढलेली स्मृती मानधना झाली. उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करणारी जेमिमा रॉड्रिग्ज झाली. तिच्या मागे लिहिताना मी मुद्दाम मोठ्या अक्षरात 'नाबाद' लिहिले. अशी अकरा चित्रे झाली आहेत. सभा संपल्यावर पाहायला या, पण हात पुसून या, चिवड्याचे तेल लागते.

एकच अडचण आहे. अंतिम सामन्यात ५८ धावा करून पाच गडी बाद करणाऱ्या दीप्ती शर्माचे चांगले चित्र मला मिळालेले नाही. जे होते त्यावर आमच्या ह्यांनी भजी ठेवली. कोणाच्या घरी ३ नोव्हेंबरचे वर्तमानपत्र रद्दीत शिल्लक असेल तर कृपा करून आणून द्यावे. कात्री मी बरोबर आणली आहे.