मोहोरबंद इंजिनाची गळती



शर्यतीच्या मोटारीवर व्याख्यान, हे वाचून पुष्कळांना हसू आले असेल. आपल्या चुडाव्यात शर्यत म्हणजे बैलांची! पण इंजिन ट्रॅक्टरात बसवा की शर्यतीच्या मोटारीत, तेल गळण्याची तऱ्हा एकच.

2010 साली फोक्सवॅगनने आपल्या देशात पोलो मोटारींची शर्यतमालिका सुरू केली. सर्वांना मोटार एकाच बनावटीची. अशा शर्यतींत पैसेवाल्याने इंजिन उघडून गुपचूप ताकद वाढवू नये, म्हणून बोल्टांतून तार ओवून सील ठोकण्याची रीत आहे. फॉर्म्युला वनमध्येही इंजिनांना सील असते. मला ही रीत मान्य आहे. पैशाने नव्हे, हाताने जिंकावे.

अडचण येते ती खाली तेलाचा थेंब दिसला की. पाना लावावा तर सील तुटते, सील तुटले तर शर्यतीतून बाद. न लावावा तर तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून आग लागेल, किंवा रस्त्यावर सांडून मागच्याचा जीव जाईल.

जाणता मिस्त्री आधी गार इंजिन धुऊन कोरडे करतो, पावडर मारतो, थोडे चालवतो. तेल वाऱ्याने मागे आणि खाली वाहते. म्हणून थेंब पडतो तेथे नव्हे, सर्वांत वर जेथे ओल दिसते तेथे बघायचे. मग ब्रीदर तपासायचा. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच चेंबरमध्ये उतरतो. त्याची बाहेर पडायची वाट तुंबली की तो दाबाने चांगल्या ऑइल सीलमधूनही तेल ढकलतो. अशा वेळी नवे ऑइल सील घातले तरी पुन्हा गळणारच! ब्रीदरची नळी, फिल्टर, तेल काढायच्या बोल्टचा वायसर हे बहुधा मोहोरेबाहेर असते. गळती आतली निघाली तर तपासनिसाला बोलवायचे. त्याच्यासमोर उघडायचे, त्यानेच नवे सील ठोकून नंबर लिहून घ्यायचा.

मी हे शिकलो ते एका कामगाराच्या खटल्यापायी. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथे हमीच्या मुदतीतले मोहोरबंद इंजिन गळू लागले. कामगाराने तोंडी सांगितले. साहेब म्हणाले, "हात लावशील तर हमी जाईल. तेल ओतत राहा." मोहोर ठोकणारा होता, उघडायला येणारा कोणी नव्हता. एका रात्रपाळीत तेल संपले, बेअरिंग जळून इंजिन जाम झाले, आणि नुकसानीची वसुली निघाली कामगाराच्या पगारातून.

चौकशीत युनियनतर्फे मी त्याच्या शेजारी बसलो होतो. साहेबांनी अखंड सील टेबलावर ठेवले. इंजिनात दोष नव्हता, याने तेल घातले नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा त्या बहाद्दराने खिशातून पोराची जुनी वही काढली. तीन आठवडे रोज कांडीवर तेल किती, ओतले किती, शिफ्टवर साहेब कोण, सारे पेन्सिलीने टिपलेले. वसुली रद्द झाली. वही मात्र साहेबांनी ठेवून घेतली. ती परत मिळवायला आम्हाला आणखी दोन अर्ज करावे लागले.