गाडी कुणाच्या हाती द्यायची?

(लातूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी हसल्या. पोटगी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलणारी बाई आज गॅरेजवर काय बोलणार? पण गाडी दुरुस्तीला शोरूममध्ये न्यायची की ओळखीच्या मिस्तरीकडे, या प्रश्नाने आमच्या संस्थेत जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. म्हणून आमचा अनुभव सांगते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातले दिवस. नांदेडहून एका बाईला तिच्या दोन लेकरांसह लातूरला भावाकडे पोचवायचं होतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली होती. अंतर सुमारे १४० किलोमीटर. गाडी मीच चालवत होते. लोहा ओलांडलं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. रेडिएटरचा वरचा पाइप फाटला होता.

अंधार पडत होता. मागून मोटारसायकल आली की ती बाई लेकरांना घेऊन गाडीआड होई. दीर शोधत येईल, ही भीती. दीड तास आम्ही तसे काढले. शेवटी अहमदपूरचा एक मिस्तरी पाइप घेऊन आला. पाइप बसवला, पाणी भरलं आणि फाटलेला तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाला, "ताई, ह्यो पाइप आजकालचा न्हाई. गाडीसंगंच आलेला हाय."

मी बिल काढून पाहिलं. बाराच दिवसांपूर्वी गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमधून आली होती. बिलात पाइप बदलल्याचे पैसे लावलेले होते.

जाब विचारायला गेले, तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्ही साहेबांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो." कोणते साहेब? गाडी संस्थेची, चालवणारी मी, चेकवर सही माझी. मग त्याने जॉब कार्ड पुढे केलं. त्यावर माझी सही होती. गाडी सोडताना घाईत कोऱ्या कार्डावर केलेली. मैत्रिणींनो, पोलीस ठाण्यात प्रत्येक बाईला मी बजावते, वाचल्याशिवाय सही करू नकोस, एफआयआरची प्रत मोफत मिळते ती मागून घे. आणि मी स्वतः काय केलं होतं?

संस्थेच्या बैठकीत ठरलं, शोरूम बंद, आता मिस्तरीच बरा. तिथे मजुरी कमी, आणि गाडी डोळ्यांदेखत उघडते. पण चारच महिन्यांत ब्रेक पॅड गेले. ते नकली निघाले. बिल म्हणून वहीच्या कागदावरची चिठ्ठी. विश्वस्त संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. लेखापरीक्षकांनी चिठ्ठीला हरकत घेतली, तेव्हा आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, "शोरूमने निदान खोटं तरी छापून दिलं होतं!" शिवाय हा मिस्तरीही माझ्याशी बोलत नव्हता. सोबत आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे बघून तो क्लचबद्दल सांगत होता.

तेव्हा लक्षात आलं, आम्ही दुकान बदललं होतं, आमची जागा बदलली नव्हती. दोन्हीकडे यंत्र पुरुषांचं आणि पैसे फक्त आमचे.

मग आम्ही कामाची वाटणी केली. गाडी वॉरंटीत आहे तोवर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच न्यायची. मोफत सर्व्हिस, कंपनीने परत बोलावलेला सदोष भाग, एअरबॅग, संगणकावर तपासायचे दोष ही त्यांची कामं. वॉरंटी संपल्यावर ऑईल, फिल्टर, ब्रेक, क्लच, सस्पेन्शन चांगल्या गॅरेजात होतं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि उन्हाळ्यात चाळिशीपार पारा. पुस्तकात लिहिलंय त्याआधीच एअर फिल्टर भरतो, बॅटरी आणि रबरी पाइप लवकर थकतात. हे रस्त्यावरच्या मिस्तरीला ठाऊक असतं.

"बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली," अशी भीती घातली जाते. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू द्या, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असं आयोगाने सांगितलं. कंपन्या त्याविरुद्ध वर गेल्या. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीने नुकसान झालं तर त्यापुरती वॉरंटी नाकारता येते. म्हणून वॉरंटीचा कागद आधी वाचायचा, कुणाच्या तोंडच्या शब्दावर घाबरायचं नाही.

जागा कोणतीही असो, आमचे नियम आता एकच आहेत. तक्रार आपल्या शब्दांत जॉब कार्डावर लिहायची, किलोमीटरचा आकडा टाकायचा, मगच सही. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यायचा. जादा काम निघालं तर फोन केल्याशिवाय हात लावायचा नाही. बदललेला जुना भाग परत मागायचा. त्या दिवशी मी तो मागितला असता तर ती दीड तासाची रात्र टळली असती. आणि पक्कं बिल, भागाच्या नावानिशी.

बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीबद्दल वा स्कूटीबद्दल तक्रार असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, तेही दोन वर्षांच्या आत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण हातात कागद हवा.

आणखी एक गोष्ट बघत जा. स्वस्त काम कुणाच्या श्रमावर स्वस्त आहे? चौदा वर्षांच्या आतलं पोरगं पाना घेऊन गाडीखाली झोपलेलं दिसलं तर ते गॅरेज आपलं नाही. आपल्या चळवळीची गाडी कुणाच्या लेकराच्या शाळेवरून जाता कामा नये.

कुणी म्हणेल, हे सगळं करायला वेळ कुठाय? आमच्याकडे महिन्याच्या बैठकीनंतर तासभर बॉनेट उघडं ठेवतो. त्याच मिस्तरीला बोलावलं. सुरुवातीला तो पोराकडेच बघून बोलायचा. आम्ही पोराला घरी पाठवलं. आता तो आमच्याकडे बघून बोलतो आणि पक्कं बिलही देतो. ऑईलची कांडी कशी बघायची, कूलंट किती हवं, पाइप दाबून कडक झालाय का ते कसं ओळखायचं, हे आमच्या चौघीजणींना येतं. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हेही.

त्या रात्री आम्ही लातूरला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. भाऊ दारात उभा होता. उतरताना ती बाई मला म्हणाली, "ताई, तुमची गाडी बंद पडली तव्हा वाटलं, आता मला माघारी नेतेत." मला तोवर वाटत होतं की गाडीची देखभाल हे किरकोळ, कारकुनी काम आहे. आपल्या भरवशावर जी बाई घर सोडते, तिच्यासाठी ते किरकोळ नसतं.

म्हणून शोरूम की गॅरेज, हे तुम्ही तुमच्या गावात, तुमच्या गाडीप्रमाणे ठरवा. फक्त ते ठरवायला साहेबांना घेऊन जाऊ नका. एवढं सांगून थांबते.